अंजनवेलचा बुरूज आणि फाशाचा डाव : भूमिका-खेळांतील छाप्याच्या नियमांची समीक्षा

गोषवारा : टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत, म्हणजे रोलप्लेइंग गेममध्ये, अचानक हल्ला आणि दबा धरून केलेला छापा यांसाठी स्वतंत्र नियम असतात. १९७४ पासून २०२४ पर्यंत हे नियम अनेकदा बदलले. या बदलांची चिकित्सा मराठ्यांच्या इतिहासातील छाप्यांच्या आणि अंजनवेलच्या गोपाळगडाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केली आहे. छाप्याचे यश हल्ल्याच्या क्षणी ठरत नसून त्याआधीच्या माहितीच्या विषमतेत ठरते. बहुतेक नियम ही विषमता मोजण्याऐवजी फाशावर सोपवतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : भूमिका-खेळ, छापा, गनिमी कावा, गोपाळगड, सूत्रधार, नियमसंहिता.

१. प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, वासिष्ठी नदी जेथे समुद्रास मिळते तेथे दक्षिण तीरावर अंजनवेल हे गाव आहे. समोरच्या तीरावर दाभोळ. अंजनवेलच्या टेकडीवरील गोपाळगडाचे स्थान पाहिले असता त्याच्या बांधणीमागील विचार लक्षात येतो. खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत गडावरून दिसते. जमिनीकडील बाजू उतारामुळे सुरक्षित नाही, म्हणून तेथे खंदक खोदलेला आहे. खाडीच्या अंगाला खाली पडकोट आहे. शत्रू नकळत जवळ येऊ नये आणि आलाच तर तो नेमका कोठून येईल हे आधी ठाऊक असावे, या दोन गरजांतून ही रचना सिद्ध झाली आहे.

याच दोन गरजा गेल्या अर्धशतकात एका सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रात चर्चेचा विषय झाल्या आहेत. ते क्षेत्र म्हणजे भूमिका-खेळ. या खेळात चार-पाच खेळाडू एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात. एक खेळाडू सूत्रधार होतो. इंग्रजी परंपरेत त्यास गेम मास्टर म्हणतात. प्रसंगाचे वर्णन करणे, पात्रांच्या विरोधकांची बाजू चालविणे आणि नियमांचा अर्थ लावणे ही त्याची कामे होत. ज्याचा निकाल अनिश्चित आहे अशी कृती फासा टाकून ठरते. खेळाची नियमसंहिता छापील ग्रंथरूपात असते आणि म्हणूनच ती वाङ्मयीन समीक्षेचाही विषय होऊ शकते. नियम हे एक प्रकारचे कथन असते : कोणत्या गोष्टीला महत्त्व आहे आणि कोणत्या गोष्टीला नाही, हे नियम न बोलता सांगतात.

छाप्याचे नियम नेमके काय सांगतात आणि काय वगळतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. पूर्वपीठिका : पंचाच्या हातातील अज्ञात

भूमिका-खेळाचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियात गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये आणि त्यांच्या पुत्राने १८२४ मध्ये सैनिकी शिक्षणासाठी जो युद्धखेळ सिद्ध केला, त्याचे वैशिष्ट्य म्हणजे पंचाची योजना. दोन्ही पक्षांच्या सर्व तुकड्या नकाशावर मांडल्या जात नसत. जी तुकडी शत्रूला दिसणे शक्य नाही ती पंचाच्या ज्ञानात असे, पटावर नसे. बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही खेळाडूंना सर्व मोहरी दिसतात. म्हणून बुद्धिबळात चूक होते, परंतु खऱ्या अर्थाने छापा पडत नाही. प्रशियाच्या खेळात अज्ञानास प्रथमच व्यवस्थित स्थान मिळाले. पुढे १८७६ मध्ये फर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी तक्ते आणि फासे यांचे ओझे कमी करून पंचाच्या अनुभवी निर्णयावर भर दिला.

अर्थात छाप्यासंबंधी दोन भूमिका एकोणिसाव्या शतकातच निर्माण झाल्या होत्या. पहिलीनुसार निकाल नियमाने व फाशाने लागावा. दुसरीनुसार तो जाणत्या पंचाने परिस्थिती पाहून द्यावा. पुढील सर्व वाद या दोन भूमिकांतील अंतराचा आहे.

३. नियमांची वाटचाल

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील नियम साधा होता. दोन्ही पक्षांना एकमेकांची चाहूल असेल तर अचानक हल्ल्याचा प्रश्न उद्भवत नाही. प्रकाश किंवा आवाज यांमुळेही ती शक्यता नाहीशी होते. चाहूल नसेल तर प्रत्येक पक्षासाठी सहा बाजूंचा फासा टाकावा. १ किंवा २ पडल्यास तो पक्ष बेसावध सापडला. शक्यता सहात दोन, म्हणजे सुमारे ३३ टक्के. या नियमाचा पहिला अर्धा भाग विचारी आहे, कारण तो आधी ‘कोणाला काय ठाऊक आहे’ असे विचारतो. दुसरा अर्धा भाग मात्र रात्रभर जागणारा पहारेकरी आणि झोपलेला पहारेकरी यांना सारखेच मोजतो.

१९७८-७९ च्या प्रगत आवृत्तीत एक मिनिटाच्या फेरीचे सहा सेकंदांचे दहा भाग पाडण्यात आले. फाशावर जितका अंक पडेल तितके भाग बेसावध पक्ष गमावी. रानावनात वावरणारा ‘रेंजर’ हा पात्रप्रकार सहात एकदाच बेसावध सापडे. पात्राचे कौशल्य येथे नियमात शिरले, ही प्रगती होय.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीने अचानक हल्ल्यासाठी एक स्वतंत्र फेरी दिली. ज्यांना शत्रूची जाणीव आहे तेच तीत मर्यादित कृती करू शकत. ज्या पात्राची पाळी अद्याप आलेली नाही त्याला चपळाईने वार चुकविण्याचा लाभ मिळत नसे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ही फेरी काढून टाकली. लपणाऱ्याने फासा टाकावा आणि त्याची बेरीज समोरच्या पात्राच्या स्थायी सावधतेशी ताडून पाहावी. बेसावध पात्राने पहिल्या पाळीत काहीही करू नये, असा नियम झाला. ही स्थायी सावधता म्हणजे १० अधिक त्या पात्राची निरीक्षणशक्ती. २०२४ च्या सुधारित नियमांत बेसावध पात्राची पाळी जात नाही. पाळीचा क्रम ठरविताना त्याने वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून लहान अंक धरावयाचा असतो.

या बदलांचा परिणाम आकड्यांत पाहणे उद्बोधक आहे. समजा, पाच हल्लेखोर अंधारात बुरुजाखाली येत आहेत. पहारेकऱ्याची स्थायी सावधता १२ आहे आणि प्रत्येक हल्लेखोराला लपण्यासाठी ३ ची भर मिळते. वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा अधिक पडल्यास एक हल्लेखोर लपून राहतो. म्हणजे प्रत्येकाची शक्यता ६० टक्के. २०१४ च्या नियमानुसार हल्लेखोरांपैकी एकही दिसला तरी पहारेकरी सावध होतो. मग पाचही जण लपून राहण्याची शक्यता ८ टक्क्यांहूनही किंचित कमी भरते. तथापि त्याच ग्रंथात गटाने मिळून करावयाच्या प्रयत्नाचा वेगळा नियम आहे : निम्मे किंवा अधिक यशस्वी झाले तर गट यशस्वी. तो लावल्यास शक्यता ६८ टक्के होते. छापा तोच, माणसे तीच, रात्र तीच. सूत्रधाराने कोणते पान उघडले यावर निकाल आठपटींहून अधिक बदलतो.

२०२४ च्या नियमात ही विसंगती कमी झाली, परंतु तीबरोबर छाप्याचे वजनही कमी झाले. वीस बाजूंच्या फाशाची सरासरी १०.५ असते, दोन फाशांपैकी लहान अंक धरल्यास ती ७.१७५ होते. म्हणजे अनेक दिवसांच्या तयारीचे फळ पाळीच्या क्रमात सरासरी सुमारे ३.३ अंकांचा फरक एवढेच उरते. बेसावध खेळाडूला हताश बसावे लागत नाही, हा या नियमाचा गुण. तयारी आणि नशीब यांतील भेद तो जवळजवळ पुसून टाकतो, हा त्याचा दोष.

४. इतिहासातील छापे आणि नियमांतील उणिवा

या नियमांची परीक्षा काल्पनिक प्रसंगांनी नव्हे, तर घडलेल्या छाप्यांनी करावी. मराठ्यांच्या इतिहासात त्यांची वाण नाही.

फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची मोगली फौज घाट उतरून कोकणात जात असता उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी तिला कोंडले. निबिड अरण्य, अरुंद वाट, पाण्याची टंचाई आणि पुढे-मागे अडविलेले मार्ग यांमुळे लढाईचा निकाल पहिल्या बाणापूर्वीच लागला होता. खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली. येथे छाप्याची परिणती संहारात झाली नाही, वाटाघाटीत झाली. भूमिका-खेळांच्या नियमांत अचानक हल्ल्याचा लाभ म्हणजे ‘आधी वार करण्याची संधी’ असे समीकरण आहे. उंबरखिंडीत लाभ होता तो शत्रूचे पर्याय संपविण्याचा. त्यासाठी कोणत्याही आवृत्तीत अंक नाही.

५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्यातील लाल महालात शायिस्तेखानावर पडलेला छापा याहून अधिक शिकवितो. महाराजांचे बालपण त्या वाड्यात गेले होते. वाटा-दरवाजे त्यांच्या परिचयाचे होते. महिना रमजानचा होता. छावणी अवाढव्य असल्याने अनोळखी माणूस तीत उठून दिसत नव्हता. ही सर्व माहिती छाप्यापूर्वीची आहे. इतकी तयारी असूनही शायिस्तेखान बोटे गमावून निसटला; त्याचा पुत्र मारला गेला. छापा पूर्ण यशस्वी ठरला तो खान मेला म्हणून नव्हे, तर सुरक्षिततेची खात्री मेली म्हणून. औरंगजेबाने खानाची रवानगी बंगालकडे केली. छाप्याचा परिणाम लढाईपुरता नसतो, हे येथे दिसते. खेळाचे नियम मात्र पहिल्या पाळीनंतर आश्चर्य संपले असे मानतात.

४ फेब्रुवारी १६७० चा सिंहगडावरील छापा तिसरी बाजू दाखवितो. कड्यावरून चढून जाण्यात मावळ्यांना यश आले. परंतु गडावर जाग आली, हातघाईची लढाई झाली आणि तानाजी मालुसरे पडले. तुळशीदासाच्या पोवाड्यात घोरपडीची कथा येते आणि ह. ना. आपट्यांच्या १९०३ मधील ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने हा प्रसंग घराघरांत पोहोचविला. या परंपरेचे लक्ष चढाईवर आणि पराक्रमावर आहे. समीक्षकाने मात्र मधल्या अवस्थेकडे पाहावयास हवे. चाहूल लागणे, आरोळी उठणे, मशाली पेटणे, माणसे शस्त्रे घेऊन धावणे या क्रमाने बेसावधपणा ओसरत जातो. तो दिव्याच्या खटक्यासारखा एकदम बंद होत नाही. नियमांतील ‘बेसावध’ किंवा ‘सावध’ हे द्वैत या ओसरण्याला जागा देत नाही.

पन्हाळ्याचे उदाहरण आणखी वेगळे आहे. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी गड घेतला. वर चढल्यावर चहूबाजूंनी कर्णे फुंकून मोठे सैन्य आल्याचा भास निर्माण केला, असे सांगितले जाते. आवाजाने छाप्याची शक्यता नाहीशी होते, असे १९७४ चा नियम मानतो. पन्हाळ्यावर आवाज हेच छाप्याचे शस्त्र झाले. बचाव करणाऱ्यांना शत्रू आल्याचे कळले होते. किती आला हे कळले नव्हते. बेसावधपणा म्हणजे केवळ माहितीचा अभाव नव्हे. चुकीची माहिती हाही बेसावधपणाच होय.

५. अंजनवेल : पहाऱ्याची बाजू

वरील चारही प्रसंग हल्लेखोराच्या बाजूने सांगितले जातात. ज्याच्यावर छापा पडतो त्याची बाजू समजून घेण्यास अंजनवेल अधिक उपयुक्त आहे. हा गड आदिलशाहीतून शिवाजी महाराजांकडे, १६९९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीकडे, १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडे, पुढे पेशव्यांकडे आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. १७३३ ते १७३६ या काळात मराठ्यांनी सिद्दीविरुद्ध मोठी मोहीम चालविली, तरीही अंजनवेल त्या वेळी सिद्दीकडेच राहिला. खाडीचे मुख रोखून बसलेला आणि जमिनीकडून खंदकाने तोडलेला गड अचानक घेणे किती दुर्घट होते, याची कल्पना त्यावरून येते.

गडाची सावधता ही एका पहारेकऱ्याच्या डोळ्यांची नसते, व्यवस्थेची असते. शिवकालीन गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे समान दर्जाचे अधिकारी ठेवण्याची पद्धत सभासदाने नोंदविली आहे. एकाच्या फितुरीने गड जाऊ नये, हा तिचा हेतू. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष होय. दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवून, नित्याच्या उपयोगाचे तेवढे मोकळे राखावेत व उरलेले चिणून टाकावेत, असा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. यात पराक्रमाचा उल्लेख नाही. छाप्याची शक्यता आधीच कमी करण्याची दक्षता आहे. खेळातील ‘स्थायी सावधता १२’ हा आकडा या साऱ्या दक्षतेला एका पात्राच्या अंगभूत गुणात कोंबतो. कुत्री पाळली, गस्तीची वेळ बदलली, खंदकातील झुडपे तोडली, यांपैकी कशाचीही नोंद त्या आकड्यात आपोआप होत नाही.

अंजनवेलच्या इतिहासात आणखी एक छापा आहे आणि तो गडावर पडलेला नसून गडाच्या मुलखातून निघालेला आहे. १७२७ मध्ये महाशिवरात्रीच्या दिवशी अंजनवेल-गोवळकोट भागाचा सरदार सिद्दी सात याने चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्रावर हल्ला करून देवालयाची लूट व नासधूस केली. एका हत्तीच्या प्रकरणातून ब्रह्मेंद्रस्वामींविषयी निर्माण झालेला रोष हे त्याचे निमित्त होते. दिवस उत्सवाचा, माणसे निःशस्त्र. पुढे १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजी आप्पांच्या फौजेने सिद्दी सातास ठार केले. तंत्राच्या दृष्टीने पाहता या हल्ल्यात आणि लाल महालाच्या छाप्यात साम्य आहे : दोन्हींत पवित्र मानलेला काळ हेरला गेला, दोन्हींत समोरचा बेसावध होता. परंतु एकात सशस्त्र छावणीच्या मध्यभागी बसलेला सेनापती लक्ष्य होता, दुसऱ्यात भाविक. नियमसंहिता या दोहोंना एकच फासा देते. नीतीचा विचार नियमाने करावा अशी अपेक्षा नाही. मात्र छापा कोणावर, हा प्रश्न विचारण्याची जागा तरी खेळात असावी. ती नसेल तर छापा हे केवळ लाभदायक तंत्र उरते आणि खेळणाऱ्याला त्याची किंमत दिसत नाही.

६. पर्यायी रचना आणि सूत्रधाराची जबाबदारी

२०१० नंतरच्या काही खेळांनी हा प्रश्न निराळ्या पद्धतीने हाताळला. व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) या खेळाच्या परंपरेतील ‘डंजन वर्ल्ड’ मध्ये अचानक हल्ल्यासाठी स्वतंत्र फेरी नाही. सूत्रधाराने येऊ घातलेल्या संकटाची खूण आधी दाखवावी. खेळाडूंनी ती दुर्लक्षिली तरच आघात करावा, असे त्यात सांगितले आहे. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ (२०१७) मध्ये खेळाडू मध्येच भूतकाळात जाऊन ‘ही तयारी आधीच केली होती’ असे ठरवू शकतो. त्यासाठी पात्राला ताण सोसावा लागतो. पहिली पद्धत बचाव करणाऱ्याला न्याय देते, दुसरी हल्लेखोराच्या तयारीला.

अंजनवेलच्या बुरुजावरील एक प्रसंग कल्पिला तर हा भेद स्पष्ट होईल. खेळाडू गडाचे शिबंदीदार आहेत. सूत्रधाराने प्रारंभीच थेट फासा टाकून ‘शत्रू तटावर चढला, तुमची पाळी गेली’ असे जाहीर केले, तर खेळाडूंच्या हाती निर्णय राहिलाच नाही. याउलट त्याने संध्याकाळी सांगितले की नेहमीच्या होड्यांपैकी दोन परतल्या नाहीत. भरती मध्यरात्री आहे. पडकोटाकडील कुत्री आज गप्प आहेत. मग विचारले की पहारा कोठे ठेवता? आता खेळाडूंनी जमिनीकडील खंदकावर माणसे ठेवली आणि शत्रू खाडीकडून आला, तर छापा पडलाच. पण तो त्यांच्या निर्णयावर पडला. पराभव झाला तरी त्यांना मागे वळून पाहता येते आणि कोठे चुकले हे कळते. फाशाने दिलेल्या पराभवात शिकण्यासारखे काही नसते.

या पद्धतीवर एक आक्षेप संभवतो. आधी खूण दिली तर आश्चर्यच उरणार नाही. हा आक्षेप ऐतिहासिक पुराव्यापुढे टिकत नाही. शायिस्तेखानाला शत्रू कोण आहे आणि तो छापे घालतो, हे ठाऊक होते. कारतलबखान डोंगरी मुलखात शिरत आहे, हे त्याला दिसत होते. खुणा सर्वांसमोर होत्या. त्यांचा अर्थ लागला नव्हता. छाप्याचे खरे आश्चर्य ‘हे कोठून आले’ असे नसून ‘हे आपल्या ध्यानात कसे आले नाही’ असे असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सूत्रधाराच्या निर्णयावर इतके सोपविले तर तो पक्षपाती होण्याचा धोका आहे; फासा निदान निःपक्षपाती असतो. हे मान्य करावयास हवे. परंतु ८ टक्के आणि ६८ टक्के यांतील निवड सूत्रधारच करतो, हे वर दिसलेच आहे. फासा पक्षपात टाळत नाही, तो दृष्टीआड करतो. त्यापेक्षा कोणाला काय ठाऊक आहे, कोणाला काय कळू शकले असते आणि कळल्यावर काय करता येईल, हे तीन प्रश्न सूत्रधाराने टेबलावर उघड विचारावेत आणि उत्तरे अनिश्चित राहतील तेथेच फासा टाकावा. १९७४ च्या नियमाचा विसरला गेलेला पहिला अर्धा भाग हेच सांगत होता.

७. निष्कर्ष

छाप्याच्या नियमांची पन्नास वर्षांची वाटचाल फाशापासून कौशल्याकडे आणि कौशल्यापासून सौम्यतेकडे झाली. या प्रवासात बेसावध खेळाडूची असहायता कमी झाली. मात्र छाप्यामागील माहिती, तयारी आणि चुकीची समजूत यांना अपेक्षित स्थान मिळाले नाही. उंबरखिंड, लाल महाल, सिंहगड आणि पन्हाळा ही उदाहरणे चार गोष्टी दाखवितात : छापा पर्याय संपवितो, त्याचा परिणाम लढाईनंतरही उरतो, बेसावधपणा हळूहळू ओसरतो आणि खोटी माहितीही बेसावध करते. अंजनवेल पाचवी गोष्ट दाखवितो : सावधता हा व्यक्तीचा गुण नसून व्यवस्थेचे काम आहे.

महाविद्यालयीन वर्गात इतिहासाच्या अध्यापनासाठी अशा खेळांचा उपयोग करावयाचा झाल्यास हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. फाशावर जिंकलेला सिंहगड विद्यार्थ्याला केवळ नशीब शिकवील. त्याच विद्यार्थ्याला गोपाळगडाच्या खंदकाकाठी पहारा नेमावयास सांगितले आणि पहारा चुकीच्या बाजूला का नेमला याचा जाब विचारला, तर गड का बांधले जात आणि ते का पडत, या दोन्ही प्रश्नांकडे तो स्वतःच वळेल.